प्लेटोचा रथ आणि नागसेनांचा रथ

चिकित्सक विचार ही ग्रीसची देणगी होय, हे विधान आपल्याकडे शालेय पुस्तकापासून विद्यापीठीय व्याख्यानापर्यंत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, त्या विधानाचीच चिकित्सा करावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. सॉक्रेटिसाने प्रश्न विचारावयास शिकविले, प्लेटोने त्या प्रश्नांना दर्शनाचे रूप दिले, ॲरिस्टॉटलने तर्काचे नियम बांधले आणि इंग्रजी शिक्षणाच्या वाटेने हे धन आपल्यापर्यंत पोहोचले, अशी ही मांडणी असते. तिला उत्तर म्हणून आपल्या विहारांतून दुसरे विधान ऐकू येते. कालाम सुत्त आमच्याकडे आहे, तेव्हा ग्रीकांकडून शिकण्याजोगे काही उरत नाही, असे ते विधान. आमच्या मते ही दोन्ही विधाने आळशी आहेत. पहिल्याने आपल्या परंपरेकडे पाहिलेले नसते, तर दुसऱ्याने ग्रीकांकडे पाहिलेले नसते आणि बहुधा कालाम सुत्तही नीट वाचलेले नसते.

ग्रीक नीतिविचाराचे मूल्यमापन बौद्धांनी कोणत्या कसोटीवर करावे? आम्ही येथे तीन प्रश्न पुढे ठेवतो. प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला आहे? प्रश्न कोणाच्या दुःखाविषयी विचारला जातो? आणि उत्तराची किंमत कोण मोजतो? या तिन्ही प्रश्नांवर ग्रीक विचार तपासला म्हणजे त्याचे मोलही कळते आणि त्याची सीमाही कळते. तसेच ती कसोटी आपल्यालाही लावता येते.

यवन परके नव्हते

ग्रीक आणि बौद्ध यांचा संबंध आधुनिक पंडितांनी ओढूनताणून जोडलेला नाही. मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात तथागतांनी चातुर्वर्ण्याचे खंडन करताना यवन आणि कांबोज या सीमावर्ती प्रदेशांचा दाखला दिला आहे. तेथे आर्य आणि दास असे दोनच वर्ण आहेत. तेथील आर्य दास होऊ शकतो आणि दास आर्य होऊ शकतो, हे अस्सलायनाने ऐकले आहे काय, असे तथागत विचारतात. तो होकार देतो आणि तेथेच त्याच्या बाजूचा पाया खचतो. चार वर्ण ब्रह्मदेवाच्या अवयवांतून निघाले असते आणि ते निसर्गसिद्ध असते, तर सीमेपलीकडे ते नाहीसे कसे झाले? तथागतांनी यवनांच्या दास्यप्रथेची स्तुती केलेली नाही. त्यांनी ती पुरावा म्हणून वापरली. एका समाजाच्या रूढीने दुसऱ्या समाजाच्या रूढीचे दैवीपण उघडे पाडणे, ही चिकित्सेची पद्धत येथे स्पष्ट दिसते. पुढे सम्राट अशोकानेही आपल्या तेराव्या शिलालेखात, यवनांचा प्रदेश सोडला तर ब्राह्मण आणि श्रमण हे वर्ग नाहीत असा देश नाही, अशी नोंद केली आहे.

आपल्या सह्याद्रीतही यवनांच्या खुणा आहेत. महावंसाच्या परंपरेनुसार तिसऱ्या संगीतीनंतर महारट्ठात महाधम्मरक्खित थेरांना, तर अपरांतात यवन धम्मरक्खित थेरांना पाठविण्यात आले. अहिल्यानगर जिल्ह्याच्या (२०२४ पर्यंत अहमदनगर) अकोले, संगमनेर आणि पारनेर तालुक्यांना लागूनच पुणे जिल्ह्यातील जुन्नर आहे. तेथील लेण्यांत स्वतःस यवन म्हणविणाऱ्या तीन दात्यांचे लेख आहेत. एकाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या, दुसऱ्याने संघाला भोजनमंडप दिला, तिसऱ्याने लेण्याचे प्रवेशद्वार दिले. पाणी, अन्न आणि उघडे दार ही तीन दाने ज्या समाजाला शतकानुशतके नाकारली गेली, त्या समाजाच्या वंशजांनी हे लेख वाचताना क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते.

सॉक्रेटिसाचे मोल

सॉक्रेटिसाची ओळख मराठी वाचकाला जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातच कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्याचे चरित्र मराठीत आणले. १९९९ साली मकरंद साठे यांच्या 'सूर्य पाहिलेला माणूस' या नाटकातून डॉ. श्रीराम लागू यांच्या रूपाने तो मराठी रंगभूमीवर उभा राहिला. अथेन्सच्या न्यायसभेपुढे न वाकणारा आणि इ. स. पूर्व ३९९ मध्ये विषाचा पेला शांतपणे पिणारा पुरुष म्हणून आपण त्याला ओळखतो.

परंतु त्याचे खरे मोल त्याच्या मरणापेक्षा त्याच्या सवयीत आहे. शौर्य म्हणजे काय, धार्मिकता म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, असे तो त्या त्या विषयातील जाणत्याला विचारी. उत्तर मिळाले की त्या उत्तरातून पुढे काय निष्पन्न होते हे तो त्याच्याकडूनच वदवून घेई आणि शेवटी त्याचे दुसरे विधान पहिल्याच्या विरोधात उभे आहे हे दाखवून देई. आपण जाणतो असे ज्याला वाटते तो नेहमीच जाणत असतो असे नाही, हा या पद्धतीचा धडा होय. अंधश्रद्धेने आणि पोथीने गांजलेल्या समाजाला हा धडा नको असे कोण म्हणेल?

आता प्लेटोच्या 'मेनो' या संवादाकडे वळू. शिकणे म्हणजे काय याची चर्चा चालू असताना सॉक्रेटिस मेनोच्या घरी जन्मलेल्या एका दास मुलाला पुढे बोलावतो. जमिनीवर चौरस काढून, त्याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढावा असे विचारतो. मुलगा आधी बाजू दुप्पट करतो. ती चूक त्याला कळते, मग तो गोंधळतो आणि अखेर प्रश्नांच्या आधाराने कर्णावरील चौरसापर्यंत पोहोचतो. ज्याला कोणी भूमिती शिकविली नाही त्याच्या ठायीही बुद्धी आहे, हे सॉक्रेटिस सिद्ध करतो. मानवी समतेचा इतका स्पष्ट पुरावा प्राचीन साहित्यात क्वचितच सापडेल.

मात्र पुरावा मिळाल्यावर पुढे काय होते? काहीच होत नाही. मुलगा संवादातून निघून जातो. त्याचे नावही आपल्याला कळत नाही. ज्याची बुद्धी आपल्या बुद्धीसारखीच चालते तो आपला दास का, हा प्रश्न मेनोला पडत नाही आणि सॉक्रेटिसही तो विचारीत नाही. शौर्याची आणि न्यायाची व्याख्या विचारणारा पुरुष दास्याची व्याख्या विचारावयास थांबत नाही. पुढे ॲरिस्टॉटलने तर काही माणसे स्वभावतःच दास असतात, विचारपूर्वक निर्णय करण्याची शक्ती त्यांच्या ठायी नसते, असा सिद्धांतच मांडला. 'मेनो'मधील त्या मुलाने या सिद्धांताला आधीच उत्तर दिले होते, पण ते उत्तर म्हणून कोणी ऐकले नाही.

ग्रीकांना न्याय देण्यासाठी हेही सांगितले पाहिजे की त्यांच्यात वेगळा स्वर होता. निसर्गाने कोणालाही दास केलेले नाही, असे आल्किदामसाने म्हटले होते. पुढे रोमन काळात एपिक्टेटस हा स्वतः दास्यातून आलेला पुरुष स्टोइक मताचा मोठा आचार्य झाला. परंतु ग्रीक नीतिशास्त्राच्या मुख्य प्रवाहात चिकित्सेचे वर्तुळ स्वतंत्र नागरिकाभोवतीच आखलेले राहिले.

दोन रथ

हे वर्तुळ असे का राहिले? याचे उत्तर आम्हांस प्लेटोच्या रथात दिसते. 'फीड्रस' या संवादात त्याने आत्म्याला रथाची उपमा दिली आहे. विवेक हा सारथी होय. त्याच्या हाताखाली दोन घोडे आहेत. एक शुभ्र आणि आज्ञाधारक, तर दुसरा काळा, बेढब, चाबकाशिवाय न ऐकणारा. 'रिपब्लिक'मध्ये हेच चित्र समाजावर उमटते. आत्म्याचे तीन भाग, समाजाचे तीन वर्ग. विवेकाने राज्य करावे, तेजाने त्याला साह्य करावे, वासनेने आज्ञा पाळावी. म्हणून तत्त्वज्ञ शासक वर, रक्षक मध्ये आणि शेतकरी-कारागीर खाली. लोकांनी ही रचना मान्य करावी म्हणून त्यांना सोने, रुपे आणि लोखंड-पितळ यांची कथा सांगावी, असेही तो सुचवितो. 'फीड्रस'मध्येच आत्म्यांच्या जन्मांची नऊ पायऱ्यांची उतरंड आहे. पहिल्या पायरीवर तत्त्वज्ञ आहे, तर सातव्या पायरीवर कारागीर आणि शेतकरी. पुरुषसूक्त आणि कर्मविपाक यांच्या सावलीत वाढलेल्या वाचकाला हे चित्र अनोळखी वाटू नये.

फरकही आहे, तो लपविणे योग्य नव्हे. सोन्याच्या पोटी लोखंड आणि लोखंडाच्या पोटी सोने येऊ शकते, तसे झाल्यास मुलाला त्याच्या योग्यतेच्या वर्गात न्यावे, असे प्लेटो म्हणतो. स्त्रियांनाही त्याने रक्षकवर्गात स्थान दिले आहे. मनूने यातील काहीही मान्य केले नसते. तरीही दोघांचा पाया एकच आहे. माणसाच्या आत कोणी मालक आहे आणि कोणी सेवक आहे असे एकदा मानले, की समाजातही मालक आणि सेवक असणे निसर्गसिद्ध वाटू लागते.

बाबासाहेबांनी नेमका हाच पाया तपासला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या आणि १९३६ साली स्वतःच प्रसिद्ध केलेल्या जातिनिर्मूलनावरील भाषणात त्यांनी चातुर्वर्ण्याची चर्चा करताना प्लेटोला समोर घेतले आहे. प्रत्येक व्यक्ती अनन्य आहे, तिच्या प्रवृत्ती अगणित आहेत. तिला तीन-चार ठोकळ वर्गांत कोंबणे म्हणजे माणसाकडे वरवर पाहणे होय, हा त्यांच्या आक्षेपाचा सारांश. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांच्या विचाराशी ही टीका जुळते. त्याच भाषणात बाबासाहेब गुलामगिरीचा व्यापक अर्थ सांगतात. कायद्याने बांधलेला तेवढाच गुलाम नव्हे. ज्याला आपल्या वर्तनाची उद्दिष्टे दुसऱ्याकडून स्वीकारावी लागतात त्याचीही अवस्था गुलामगिरीचीच. ड्यूईंनी ही कल्पना प्लेटोच्या नावे मांडली होती. बाबासाहेबांनी तिचा रोख जातीकडे वळविला. म्हणजे ज्या विचारवंताचे वर्ग त्यांनी नाकारले, त्याच्याच घरची व्याख्या त्यांनी शस्त्र म्हणून उचलली. चिकित्सा ती हीच. संपूर्ण स्वीकार आणि संपूर्ण धिक्कार या दोहोंत विचार करण्याचे श्रम वाचतात. बाबासाहेबांनी ते श्रम वाचविले नाहीत.

आता दुसरा रथ पाहू. यवन राजा मिलिंद आणि भदंत नागसेन यांच्या पहिल्या भेटीत हा रथ येतो. नागसेन हे केवळ नाव आहे, व्यवहारासाठीची संज्ञा आहे, तिच्यामागे कोणी नित्य पुद्गल सापडत नाही, असे भदंत सांगतात. राजा विचारतो, मग चीवर कोण घेतो, शील कोण पाळतो, हत्या कोण करतो? कोणीच नसेल तर कुशल आणि अकुशल दोन्ही गेले. आक्षेप जबरदस्त आहे आणि तो नीतीचा आक्षेप आहे. भदंत प्रतिप्रश्न करतात. राजा रथातून आला. मग आस म्हणजे रथ काय? चाके? जू? की या साऱ्यांहून वेगळे काही? राजाला मान्य करावे लागते की या अवयवांच्या आधारे 'रथ' ही संज्ञा चालते. तसेच पंचस्कंधांच्या आधारे व्यक्तीचे नाव चालते. नाव संज्ञेपुरतेच ठरले तरी व्यवहार थांबत नाही; स्कंधांचा प्रवाह कार्यकारणाने चालतो, म्हणून कृत्याचे फळही टळत नाही.

या रथात मालक सारथी नाही आणि चाबकाचा काळा घोडाही नाही. एक भाग स्वभावतः स्वामी आणि दुसरा स्वभावतः दास अशी रचनाच येथे नाही. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्त हाच विचार समाजाला लावते. पशुपक्ष्यांत जातीची लक्षणे शरीरावर दिसतात, माणसांत ती दिसत नाहीत. शेती करणारा शेतकरी, शिल्प करणारा शिल्पी, ही नावे केवळ व्यवसायावरून पडलेली आहेत. 'ब्राह्मण' हे नाव जसे संज्ञा आहे तसेच 'महार' हेही संज्ञाच आहे. अनात्मवाद आपल्याकडे पुष्कळदा गूढ ध्यानाचा विषय म्हणून सांगितला जातो. आमच्या मते तो जातिनिर्मूलनाचा तात्त्विक पाया आहे.

या विचाराचे एक पान आपल्या जिल्ह्यातही लिहिले गेले. १९४२ ते १९४५ या काळात अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान असताना पंडित नेहरूंनी भारताच्या शोधाचा ग्रंथ लिहिला. त्यात भारत आणि ग्रीस यांच्या संबंधावर स्वतंत्र भाग आहे. त्याच तटबंदीत आचार्य नरेंद्र देव वसुबंधूंच्या अभिधर्मकोशाच्या हिंदी अनुवादाचे काम करीत होते. आत्म्याच्या कल्पनेचे खंडन हा त्या ग्रंथाच्या अखेरच्या भागाचा विषय आहे. किल्ल्याच्या आत नाव आणि पुद्गल यांची ही मीमांसा चालली असता, किल्ल्याबाहेरच्या जिल्ह्यात महारवतन अद्याप कायद्याने रद्द व्हावयाचे होते. ते काम १९५८ च्या कायद्याने झाले. अकोले तालुक्यातील धामणगावच्या दया पवारांनी 'बलुतं' (१९७८) लिहून संज्ञेचे ओझे वाहणाऱ्या माणसाची बाजू मांडली. त्या पुस्तकात दगडू पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाने आपल्या दोन नावांना समोरासमोर बसवून केलेली ही आत्मपरीक्षा आहे. परीक्षा न केलेल्या आयुष्याला सॉक्रेटिसाने कमी लेखले होते. येथे ती परीक्षा ज्याच्यावर नाव लादले गेले त्याने केली आहे.

पंडितवाद आणि राजवाद

मिलिंदप्रश्नात रथाइतकाच महत्त्वाचा आणखी एक प्रसंग आहे. चर्चेपूर्वी नागसेन अट घालतात. राजा पंडितांसारखा बोलणार असेल तर चर्चा होईल, राजांसारखा बोलणार असेल तर होणार नाही. पंडितांच्या चर्चेत गुंतागुंत सोडविली जाते, खंडन होते, चूक मान्य केली जाते आणि त्यामुळे कोणी रागावत नाही. राजे मात्र एक गोष्ट बोलतात आणि जो ती मान्य करीत नाही त्याला दंड करतात. मिलिंद पंडितवाद स्वीकारतो. आमच्या मते चिकित्सक विचाराची याहून नेमकी पूर्वअट कोठे सांगितलेली नाही. तर्काचे नियम मागाहून येतात. विरोध करणाऱ्याला दंड होणार नाही ही हमी आधी लागते.

या ग्रंथाचीही चिकित्सा केली पाहिजे. मिलिंदाचे प्रश्न कठीण असले तरी तो बहुधा लवकर समाधान पावतो. पुष्कळ ठिकाणी उपमाच उत्तराची जागा घेते, आणि उपमेने समजूत पटते पण सिद्धता होत नाही. याबाबतीत सॉक्रेटिसाचे संवाद अधिक कठोर आहेत. त्यांतील कित्येक संवाद निर्णयाविना संपतात आणि तसे संपण्याची त्यांना लाज वाटत नाही. आपल्या ग्रंथाविषयी असे लिहिणे अश्रद्धेचे लक्षण कोणी समजू नये. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रारंभीच परिव्रज्या, चार आर्यसत्ये, अनात्म आणि कर्म-पुनर्जन्म, तसेच भिक्खूचे प्रयोजन यांविषयीचे प्रश्न स्वतः उपस्थित केले आहेत. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव मिळाले आणि त्याच्या परिसराला नागसेनवन म्हणतात. उत्तर देणाऱ्याचे नाव परिसराला आणि प्रश्न विचारणाऱ्याचे नाव विद्यालयाला. विद्यार्थ्याने कोणाच्या जागी बसावयाचे हे त्या नावातच सांगितले आहे.

लिऑनचे काय झाले?

आता तिसरी कसोटी, उत्तराची किंमत कोण मोजतो. अथेन्सवर तीस जुलमी शासकांची सत्ता असताना त्यांनी सॉक्रेटिसाला आणि आणखी चौघांना बोलावून, सालामिसच्या लिऑन नावाच्या निरपराध माणसाला ठार मारण्यासाठी पकडून आणण्याची आज्ञा दिली. चौघे गेले आणि त्यांनी लिऑनला आणले. सॉक्रेटिस घरी गेला. आपण अन्यायात भाग घेतला नाही, असे तो पुढे न्यायसभेत सांगतो. या नकारात जिवावरचे धैर्य होते, त्याला आम्ही वंदन करतो. तरीही एक प्रश्न उरतो. लिऑनचे काय? सॉक्रेटिसाचा आत्मा निष्कलंक राहिला, लिऑन मात्र मारला गेला. ग्रीक नीतीची दृष्टी कर्त्याच्या आत्म्याकडे आहे. धम्माची दृष्टी ज्याला दुःख होणार आहे त्याच्याकडे आहे. कालाम सुत्तही परंपरा, ग्रंथ, गुरू यांच्याबरोबरच निव्वळ तर्कालाही अंतिम प्रमाण मानू नये असे सांगते आणि लोभ, द्वेष, मोह यांनी माणसाचे हित होते की अहित, ही कसोटी पुढे ठेवते.

हा प्रश्न आपल्याकडेही उभा राहिला आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये जामखेड तालुक्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. २०१७ साली न्यायालयातून सर्व आरोपी निर्दोष सुटले, कारण अनेक साक्षीदार फिरले होते. त्या साक्षीदारांना भित्रे म्हणणे सोपे आहे. परंतु ज्याची मजुरी, पाणी आणि वाट गावातील बलवंतांच्या हातात असते, त्याच्यासमोर पंडितवादाचे पर्व नसते. त्याच्यासमोर राजवाद असतो. याच जिल्ह्यातील कोल्हारला जन्मलेल्या गोविंद पानसरे यांच्यासारख्या निर्भय लेखकावरही २०१५ साली गोळ्या झाडल्या गेल्या. एकट्या माणसाच्या धैर्यावर सत्य तोलून धरता येत नाही, हा या घटनांचा अर्थ होय.

येथे सॉक्रेटिस आणि तथागत यांचे मार्ग वेगळे होतात. सॉक्रेटिसाने शिष्य मागे ठेवले, तथागतांनी संघ मागे ठेवला. त्या संघात उपाली न्हावी होता, सुनीत सफाई करणारा होता, आणि आधी प्रव्रजित झालेल्या उपालीला शाक्य राजपुत्रांनी वंदन केले. प्रश्न विचारणाऱ्याच्या पाठीशी उभा राहणारा समूह असेल तरच प्रश्न टिकतो. शिका, संघटित व्हा आणि संघर्ष करा या मार्गात शिक्षणानंतर संघटनेचे स्थान आहे, हे आपण विसरू नये.

म्हणून आमचे निवेदन असे आहे. विहारांतील अभ्यासवर्गांत 'मेनो' आणि अस्सलायन सुत्त शेजारी शेजारी ठेवून वाचावे. वर्गात व्याख्यात्याला किमान एक आक्षेप घेतला जावा आणि तो घेणाऱ्या तरुणाला, विशेषतः मागे बसणाऱ्या मुलीला, गप्प केले जाऊ नये. आपल्या संघटनेत, आपल्या पुढाऱ्यापुढे, पंडितवाद चालतो की राजवाद, हे आपण आधी तपासावे. कालाम सुत्ताचे नुसते पठण केल्याने ही तपासणी होत नाही. आणि गावात कोणी साक्ष द्यावयास उभा राहिला, तर त्याची मजुरी बुडणार नाही, त्याची मुले शाळेतून तुटणार नाहीत, तारखेच्या दिवशी तो न्यायालयात एकटा जाणार नाही, ही जबाबदारी त्या परिसरातील उपासक-उपासिकांनी घ्यावी. ग्रीकांकडून प्रश्नाची धार घ्यावी. तो प्रश्न कोणासाठी विचारावयाचा, हे तथागतांनी आणि बाबासाहेबांनी आपल्याला सांगून ठेवले आहे.